नंबर न फिरवणारा ग्राहक

१९९२ साली आमच्या टेस्टिंग विभागात तिघांना घेतलं. त्यातले दोघं वर्षाच्या आत पुण्याला गेले. राहिल्या त्या विजयमाला भिंगारदिवे. भिंगारच्याच, आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स केलेल्या, तेव्हा वय सव्वीस. यजमान नितीन शेवगावकडे शाळेत शिक्षक होते, शनिवारी घरी यायचे. बाकी दिवस बाई आणि त्यांची आई विमलबाई, दोघीच. लूनावरून बाई कामावर यायच्या, साडेआठला म्हणजे साडेआठला.

नगरच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना लहानच, पत्र्याच्या छपराचा, पंचेचाळीस माणसांचा. आम्ही खेड्यांसाठी छोटी टेलिफोन एक्स्चेंज बनवायचो. कपाटाएवढं यंत्र, अडीचशे नंबरांचं. मी, सुहास दामले, टेस्टिंगचा प्रमुख. यंत्र बाहेर पडण्याआधी पास की नापास हे आमच्या खोलीत ठरायचं.

पण यंत्रातली सर्किटची कार्डं बंगलोरहून यायला महिना महिना लागे. तोवर हात बांधून बसायचं काय? म्हणून आमचा प्रोग्रॅमर राधाकृष्ण यानं एक सोय करून ठेवली होती. एक्स्चेंजचा सगळा प्रोग्रॅम त्यानं एका कॉम्प्युटरवरच चालवला. कपाट नाही, तारा नाहीत, पण आतून तो कॉम्प्युटर स्वतःला एक्स्चेंज समजे. शेजारचा दुसरा कॉम्प्युटर अडीचशे ग्राहकांचं सोंग घेई. दोघांच्या मध्ये एक केबल. हे खोटे ग्राहक रिसीव्हर उचलत, नंबर फिरवत, बोलत, ठेवून देत. कोणी काय करायचं त्याची यादी विजयमालाबाई लिहायच्या. १०४ नंबरनं २१७ ला फोन लावावा, चौथ्या रिंगला उचलावा, चाळीस सेकंद बोलणं व्हावं, आधी २१७ नं ठेवावा. अशा शेकडो ओळी. सकाळी यादी चालू केली की प्रिंटर खरखरत बसे, आणि दुपारी बाई लांबलचक कागद मांडीवर घेऊन नापास ओळींखाली पेन्सिलनं रेघ मारत. हे काम त्यांच्याइतकं कोणाला जमत नव्हतं. राधाकृष्णची चूक त्या त्याला दाखवायच्या तेव्हा हसायच्या, आणि तोही हसायचा.

१९९५ च्या फेब्रुवारीत त्या बाळंतपणाच्या रजेवर जायच्या होत्या. रजा सुरू व्हायच्या आधीच, आठव्या महिन्यात, एका मंगळवारी त्यांना दवाखान्यात नेलं. मूल मेलेलं जन्मलं.

सोळाव्या दिवशी त्या कामावर आल्या. मी म्हटलं, अजून महिनाभर घरी थांबा, रजेचं मी बघतो. त्या म्हणाल्या, घरी काही काम नाही. सोल्डरिंगच्या बायका त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या, एकीनं पाठीवर हात ठेवला. बाईंनी तो हात तसाच राहू दिला. मग कॉम्प्युटर चालू केला.

त्यानंतर त्यांचं काम बिघडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. बिघडलं नाही. उलट चोख झालं. जेवायच्या सुट्टीत डबा उघडायच्या, चार घास खायच्या, डबा बंद करायच्या. कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायच्या. राधाकृष्णच्या चुका आता त्या कागदावर लिहून त्याच्या टेबलावर ठेवायच्या. एकदा कागदांचा गठ्ठा शिवायची मोठी सुई बोटात गेली, रक्त यादीवर पडलं, तर त्यांनी ती ओळ दुसऱ्या कागदावर उतरवून घेतली आणि मग बोट धुवायला गेल्या. मी समोर होतो. त्या ओरडल्या नाहीत, म्हणून मीही उठलो नाही.

मी एकदा रविवारी त्यांच्या घरी गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदाच. बाई दळण आणायला गेल्या होत्या. विमलबाईंनी चहा दिला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसल्या.

"सायेब, ती रडंना. नितीन रडला, मी रडले, तिच्या डोळ्याला टिपूस न्हाई," त्या म्हणाल्या. "कामाला येती तवा तिथं तरी बोलती का?"

मी म्हटलं, बोलतात की. ते खोटं होतं. बाई यायच्या आत मी निघालो.

मार्चमध्ये अकोले तालुक्यातल्या एका गावाचं यंत्र जायचं होतं. भंडारदऱ्याच्या वाटेवरचं डोंगरातलं गाव, पहिल्यांदाच फोन येणार होते. एकतीस मार्चच्या आत यंत्र तिथं बसलं पाहिजे, असा वरून तगादा होता. सगळ्या याद्या पास झाल्या होत्या, दहा हजार खोटे कॉल झाले होते. बाईंनी फक्त पास-फॉर्मवर सही करायची बाकी होती.

चोवीस तारखेला त्या फॉर्म घेऊन आल्या. सहीची जागा कोरी. सोबत प्रिंटरचा एक कागद.

त्यांनी यादीत एक नवीन ग्राहक घातला होता. तो रिसीव्हर उचलतो, टोन ऐकतो, पण नंबर फिरवत नाही. नुसता धरून ठेवतो. बऱ्याच वेळानं परत ठेवतो. रिसीव्हर उचलला की फिरवलेला नंबर ऐकून घ्यायला एक्स्चेंजला त्या माणसासाठी एक कान द्यावा लागतो. आमच्या यंत्राला असे आठ कान होते. वीस सेकंद काही आलं नाही तर कान काढून घ्यायचा, असं प्रोग्रॅममध्ये होतं. पण वीस सेकंदांनंतर रिसीव्हर ठेवला की हिशेब चुकत होता. तो कान ना त्या ग्राहकाचा राहायचा, ना परत मोकळा व्हायचा. असे आठ ग्राहक झाले की आठही कान गेले. मग गावात कोणालाच फोन लागणार नाही.

मी कागद पाहिला. खरं सांगतो, मला राग आला. तारीख डोक्यावर होती.

"असं कोण करतं, बाई?" मी म्हटलं. "फोन उचलायचा आणि मिनिटभर नुसता धरून बसायचं?"

"मी केलं," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात. शाळेत फोन करून यांना कळवायचं होतं. उचलला. टोन वाजत होता. नंबर पाठ होता. बोटच हललं नाही. मग टोन बंद झाला, तरी मी धरूनच होते. मग ठेवला."

हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं त्याच आवाजात त्या नापास ओळी वाचून दाखवायच्या. मग मी जे बोललो ते आजही आठवतं. मी म्हटलं, तुमचं दुःख मला कळतं, पण हा अपवाद आहे, त्यासाठी यंत्र अडवता येत नाही. दुरुस्ती पुढच्या खेपेला करू.

त्यांनी वाद घातला नाही. फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसल्या. संध्याकाळी मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कागदावर नापास आहे, सर. मी पास कसं लिहू?" त्यात हट्ट नव्हता. त्यांना माझी भीतीही वाटत नव्हती. मला वाटतं, तेव्हा त्यांना कशाचीच भीती वाटत नव्हती.

सही मी केली.

यंत्र अठ्ठावीसला बसलं. उद्घाटन झालं, पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी निरोप आला की गावातला एकही फोन लागत नाही. बंद करून चालू केलं की दोन तास चालतं, पुन्हा मुकं. मी राधाकृष्णला दुरुस्तीला बसवलं. दुरुस्त प्रोग्रॅमची नवी चिप दुसऱ्या दिवशी सकाळी तयार झाली. तिच्यातला प्रोग्रॅम बाईंनी एक्स्चेंजचं सोंग घेणाऱ्या कॉम्प्युटरवर तपासला, यादी सबंध चालवली, पास झाली. मग मी आणि बाई कंपनीच्या जीपनं निघालो. वाटेत संगमनेरला चहा घेतला. मी यंत्राबद्दल काहीबाही बोलत होतो. त्या बाहेर बघत होत्या.

गावात पोचल्यावर कारण दारोदार दिसलं. चाळीस घरांत नवे फोन होते आणि फोन करायला तसं कोणी नव्हतं. म्हणून लोक रिसीव्हर उचलून नुसता आवाज ऐकत होते. म्हातारी माणसं, पोरं, पाहुणे. घरी आलेल्याला आधी पाणी आणि मग कानाला रिसीव्हर.

मी ग्रामपंचायतीच्या खोलीत चिप बदलत होतो. तपासायला जवळच्या एका घरातून फोन लावून बघायचा होता, म्हणून बाई शेजारी दूध संकलन करणाऱ्या काकासाहेबांच्या घरी गेल्या. काम संपवून मी तिथं पोचलो तेव्हा ओसरीवर काकासाहेबांची आई, भीमाबाई, सुपात तांदूळ निवडत होती आणि बाई तिच्यासमोर बसल्या होत्या. फोन लागत होता. तरी मी उंबऱ्याशीच थांबलो, कारण आत बोलणं चाललं होतं.

भीमाबाईनं विचारलं होतं, लेकरं किती.

"एक मुलगी झाली," बाई म्हणाल्या. "मेलेलीच झाली. नाव ठेवलं नव्हतं."

मुलगी होती हे मला तेव्हा कळलं. महिनाभर शेजारच्या टेबलावर बसून मी एवढंही विचारलं नव्हतं.

भीमाबाईचा हात सुपात चालूच होता. "माज्याबी दोन," ती म्हणाली. "एक तर लई गोरी हुती." तिनं एक खडा उचलून अंगणात टाकला. "जेवून जा. भात टाकते."

आम्ही जेवलो. भात, कालवण, तोंडी लावायला कांदा. बाईंनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही, रडल्या नाहीत. निघताना भीमाबाईला वाकून नमस्कार केला, एवढंच. जीपमध्ये त्या झोपल्या, थेट नगर येईपर्यंत.

मी वर पाठवलेल्या अहवालात लिहिलं की दोष प्रत्यक्ष वापरात आढळला. तो आधी कोणाला आढळला होता हे लिहिलं नाही. फाईलची प्रत बाईंकडंच जायची. त्यांनी ती वाचली, भोक पाडलं, फाईलला लावली. मला वाटलं होतं त्या काही म्हणतील. आठवडाभर मी त्याची वाट बघितली आणि मग वाट बघणं सोडून दिलं. मी माफी मागितली ती दिवाळीनंतर, तीही अर्धवट, जिन्यात उभ्या उभ्या. त्या म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही सही नसती केली तरी मला काही वाटलं नसतं, सर. मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं."

त्याच वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. श्रावणात एकदा विमलबाईंच्या हातून आमटीत मीठ जास्त पडलं. नितीननं ताट सरकवलं. बाईंनी घास घेतला आणि तो खारट लागला. फेब्रुवारीपासून त्यांना कशाचीच चव लागत नव्हती, आणि लागत नाही हेही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्या ताटावरून उठल्या, मोरीत गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ रडल्या. विमलबाईंना वाटलं आमटीवरून रागावली.

याहून जास्त त्या कधी बोलल्या नाहीत.

नंबर न फिरवणारा ग्राहक यादीत कायम राहिला. पुढच्या चार वर्षांत बाईंनी त्याच्यासारखे आणखी कितीतरी घातले. अर्धा नंबर फिरवून विसरणारा, रिंग वाजताना उचलून काहीच न बोलणारा, रिसीव्हर वाकडा ठेवून झोपी जाणारा. नव्या मुलांना त्या सांगायच्या की आधी लोक काय करतात ते लिहा, मग यंत्रानं काय करावं ते. १९९९ मध्ये मोठ्या कंपन्यांपुढं आमचा टिकाव लागला नाही आणि कारखाना बंद पडला. शेवटच्या दिवशी त्यांनी दोन्ही कॉम्प्युटरवर प्लॅस्टिकची आवरणं घातली, किल्ली मला दिली.

नंतर त्या आयटीआयमध्ये शिकवायला लागल्या. दुसरं मूल झालं नाही. नितीनची बदली नगरला झाली एवढं चांगलं झालं. मी पुण्याला मुलाकडं आलो. वर्षातून एकदा आमचा फोन होतो, बहुतेक वेळा मीच करतो. त्या तब्येत विचारतात, विद्यार्थ्यांचं सांगतात. बोलणं संपलं की दोघांपैकी कोणीतरी ठेवून देतं.