जागेवर नसलेला पाचवा भाग

सत्याप्पांविषयी लिहावं एवढं मला त्यांच्याबद्दल ठाऊक नाही. त्यांच्या घरी मी एकदाच गेलो, तेही ते गेल्यावर. त्यांना मुली किती, हे तिथं बसल्यावर कळलं. निपाणीच्या वाचनालयात दोन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो, एवढीच ओळख. आणि त्या दोन वर्षांत ते एकच कादंबरी सुरू करावी की नको, हे ठरवत होते.

ते तंबाखूच्या वखारीत तोलार होते. ती कादंबरी आठ भागांची, मूळ कानडी. नदीकाठच्या एका कुंभारवाड्यातल्या तीन पिढ्यांची. पहिले चार भाग मराठीत आले, पुढचे आलेच नाहीत. ते पलीकडच्या कपाटात कानडीतच आहेत. सत्याप्पा कानडी फर्डं बोलायचे, पण वाचता येत नव्हतं. बसची पाटी तेवढी आकारावरून ओळखायचे.

रोज पहिला भाग काढायचे, पहिलं पान वाचायचे, परत ठेवायचे.

"आप्पा, एकदा घरी न्या की," वाचनालय सांभाळणारी नीलम म्हणायची. "त्या पानाला बोटानं भोक पडंल."

"नेतो. पण चौथ्याच्या फुडं काय करू? तू सांगणार हैस?"

"मला संसार हाय."

मी चिडायचो, पण मनातल्या मनात. एकदा धीर करून म्हणालो, चार तर वाचा. ते म्हणाले, "अण्णा, वखारीत माल तोलायला घेतला की आमी अर्ध्यावर थांबत न्हवतो. रातीत तंबाखू वल धरतोय. सकाळी माल त्योच, वजन येगळं. मग परत पैल्यापासनं. माज्याच्यानं आता परत पैल्यापासनं व्हायचं न्हाय."

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग एक दिवस त्यांनीच विचारलं, "तुमी तालुका कचेरीत होता. कानडी वाचता न्हवं?"

"कचेरीपुरतं."

"मग फुडचे चार तोंडी सांगशीला? सांगत असला तर पैला आजच नेतो."

हो म्हणायला काय हरकत होती? मी म्हणालो, "बघू."

तीस वर्षं मी अर्ज वाचले, शेरे वाचले; गोष्ट मोठ्यानं कधी वाचली नाही. आधी जमतं का पाहावं म्हणून पाचवा भाग गुपचूप घरी आणला. नीलमला सांगितलं, कुणाला बोलू नकोस. दार लावून बसायचो. एका पानाला तास लागायचा. चाकाचे, भट्टीचे शब्द, बायकांच्या शिव्या. कचेरीत यातलं काही येत नव्हतं. पंधरा दिवसांत अकरा पानं झाली. स्वतःचा इतका राग मला नोकरीतही आला नव्हता. पण अकराव्या पानावर एक म्हातारी सुनेवर रुसून कुंभाराच्या चाकावरच जाऊन बसते आणि उठत नाही. ते वाचून मी एकटाच हसलो. हे सत्याप्पांना सांगायलाच हवं, असं वाटलं. सोमवारी पुस्तक नेऊन त्यांना हो म्हणायचं ठरवलं. वाक्यही पाठ केलं.

सोमवारी नेलं. सत्याप्पा रविवारी पहाटेच गेले होते.

त्याआधी शनिवारी ते भेटले, तेव्हा कानडी कपाटाशी उभे होते. पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे त्यांना कळत. काखेत पहिला भाग होता, घरी न्यायला काढलेला.

"अण्णा, पाचवा जाग्यावर न्हाय."

"कुणी नेला असेल."

"दोन वर्सं कुणी हात लावला न्हाय. नेमका आताच बरा नेला?"

माझ्याकडेच आहे, हे ओठांपर्यंत आलं. मग किती झालं, असं ते विचारतील, आणि अकरा पानं म्हणावं लागेल. मी टेबलावरचं वर्तमानपत्र सरळ केलं.

त्यांनी पहिला भाग जागेवर सरकवला.

"येईल परत," मी म्हणालो.

"आला की सांगा."

"सांगतो."