तळ्याकाठच्या सीताक्का

आभाळ भरून आलं की लोक घरात शिरतात. सीताक्का बाहेर पडायच्या. छत्री घेऊन थेट तळ्याच्या बांधावर. परत येऊन म्हणायच्या, "एरी भरत आली गे. मला भय वाटतें."

एरी म्हणजे तळं, हे मला त्यांनीच सांगितलं. मी कोल्हापूरची. चेन्नईबाहेर मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली आणि त्यांच्या माडीवर भाड्याने राहिले. त्या तंजावरी मराठी, निवृत्त शिक्षिका. चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत आयुष्य काढून नवऱ्याबरोबर या गावात आलेल्या. तो गेल्यावरही इथेच राहिल्या. कारखाने आले तसे भातशेतात प्लॉट पडले. तळ्याचं जादा पाणी जायचं त्या ओढ्यावर भराव टाकून घरं उठली.

अक्का दारोदार जाऊन बजावायच्या, "ही पाण्याची वाट आहे." सेल्वी नावाच्या बाळंतिणीचा नवरा हसला. तो अक्कांना पाट्टी, म्हणजे आजी म्हणायचा. "प्लॉटला मंजुरी आहे, पाट्टी."

"मग पाणी आलें कीं ती मंजुरी त्याला दाखीव," अक्का म्हणाल्या. तमिळमधून बोलल्या, आणि रागाने पुन्हा मराठीत मला ऐकवलं.

त्याच पावसाळ्यात एका दुपारी बांधावरून पाणी सुटलं. "सेल्वी एकली आहे. चल पोरी!" आम्ही पोहोचलो तेव्हा ती बाळाला छातीशी धरून खाटेवर उभी होती. बाळ मी घेतलं, अक्कांनी तिचा हात धरला. कमरेएवढ्या पाण्यातून आमच्या जिन्याशी आलो आणि अक्का घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. होडी येईपर्यंत माडीवर कण्हत होत्या, मधेच विचारत होत्या, "लेकरूं ऊबदार आहे कीं?"

अक्कांच्या मुलाने त्यांना शहरात, अड्यारच्या आपल्या फ्लॅटवर नेलं. माझीही शहरात बदली झाली. रविवारी भेटायला जायची. बाहेर पाऊस वाजला की त्यांचा घास तोंडातच राहायचा.

"अक्का, हा तिसरा मजला आहे."

"माझें कोण बोलतें? तिथल्यांना हांक कोण मारील?"

शेवटी मुलाशी भांडून, काठी टेकत त्या परत निघाल्या. मीच गाडीने सोडलं. गाव आणखी पसरलं होतं. नव्या प्लॉटांचे झेंडे थेट तळ्याला भिडले होते.

दारात सेल्वीचा नवरा उभा होता. अक्कांची पिशवी घेतली, पण वर बघेना. "पाट्टी, त्या घरात झोप लागत नाही. माडीची खोली भाड्याने द्याल?"

अक्कांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. "भाड्याचं मागाहून बोलू," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "आभाळ आलंय. आधी बाळाला वर ने."