कंदिलाच्या मागावर

अमेरिकेतल्या शुगर लँडच्या त्या गल्लीत कोणाचं गवत चार बोटं वाढलं, कोणाचा कचऱ्याचा डबा दुपार उलटली तरी रस्त्याकडेलाच उभा आहे, हे देवाच्या आधी दिगंबरला कळायचं. तो एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑडिटर होता. दिवसभर लोकांच्या चुका काढायचा पगार मिळायचा, आणि घरी आल्यावर तेच काम तो फुकट, पण दुप्पट निष्ठेने करायचा. घरमालकांच्या असोसिएशनवर, म्हणजे एचओएवर, तो निवडून आला होता. बिनविरोध. बाकी कोणाला ती हौस नव्हती.

या रोगाचं मूळ खामगावात. आठवीत वक्तृत्वाचं बक्षीस म्हणून त्याला एका जाडजूड फ्रेंच कादंबरीचा संक्षिप्त मराठी अनुवाद मिळाला होता. एक भुकेला माणूस पाव चोरतो, तुरुंगात जातो, सुटल्यावर भला माणूस होतो, तरी एक इन्स्पेक्टर जन्मभर त्याची पाठ सोडत नाही, अशी गोष्ट. सगळा वर्ग पाव चोरणाऱ्यासाठी हळहळला. गुरुजींनी विचारलं, यातला नायक कोण? दिगंबर उठून म्हणाला, इन्स्पेक्टर. वर्ग खो खो हसला. असं हसं झाल्यावर माणूस एकतर शहाणा होतो, नाहीतर दिगंबर होतो.

लग्नानंतर हे सगळं नेत्राला पडद्यावर पाहावं लागलं. त्या इन्स्पेक्टरचे जेवढे म्हणून सिनेमे निघाले तेवढे दिगंबरच्या कपाटात होते. जुनाट काळा-पांढरा होता, सगळे ऊठसूट गात सुटतात तो होता, टीव्हीवरची लांबलचक मालिकाही होती. जेवायला बोलावलेल्या पाहुण्यांना श्रीखंडानंतर तो हे वाढायचा. हा इन्स्पेक्टर फार मवाळ, याची टोपी बरोबर पण चाल चुकली, त्याच्या डोळ्यांत पाणी आणायची काय गरज होती, अशी शेजारी बसून टिप्पणी चालूच. शेवटाकडे तो चोर इन्स्पेक्टरला जीवदान देतो, मग इन्स्पेक्टरही त्याला सोडून देतो आणि एकटाच पुलाकडे चालू लागतो. नेमका तिथे दिगंबर रिमोट दाबायचा. "पुढे काही नाही," म्हणायचा. पाहुणे आनंदाने चपला शोधायला लागायचे.

नेत्राने पुढचं एकदा एकटीने पाहून घेतलं होतं. इन्स्पेक्टर नदीत उडी घेतो. आपलं जन्मभराचं गणित चुकलं, हे त्याला पचत नाही.

यंदा दिगंबरलाही त्याचा चोर सापडला. समोरच्या घरात मुलाकडे राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या रत्नाकाकू. त्यांची नात नैना दूर बेलव्ह्यूला नोकरीला. उन्हाळ्यात आली तेव्हा तिने आजीबरोबर बसून काड्यांचा आणि जिलेटिन पेपरचा आकाशकंदील केला होता. एका अंगाला कललेला, पण स्वतःच्या हातचा. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला ती येणार होती, तिला तो दारात लागलेला बघायचा होता, आणि काकूंनी शब्द दिला होता. आता दिवाळी होऊन आठवडा उलटला. एचओएचा नियम असा, की सण संपल्यावर आठवड्याच्या आत सजावट उतरवायची. दिगंबरने कंदिलाचा फोटो काढला आणि नोटीस धाडली.

काकू ती नोटीस घेऊन दारात आल्या. आवाज चढवला नाही.

"अरे दिगंबर, दिवाळी तुळशीच्या लग्नापर्यंत असते. आईने सांगितलं नाही का तुला?"

"काकू, दिवाळी भाऊबीजेला संपते. कॅलेंडर बघा. रूल इज रूल."

"पोर येतेय रे बघायला."

"तिला फोटो पाठवा ना. माझ्याकडे आहे, फॉरवर्ड करतो."

काकू गेल्या. पुढच्या मीटिंगमध्ये ठराव करून माणूस पाठवायचा आणि कंदील उतरवून घ्यायचा, असं दिगंबरने मागे वळून बायकोला सांगितलं, जणू ती पदक द्यायला उभी आहे. नेत्रा फोनवर तुळशीच्या लग्नाचं निमंत्रण लिहीत होती. दरवर्षी ते मराठी घरांपुरतंच जायचं. यंदा तिने ते इंग्रजीत लिहिलं आणि गल्लीच्या अख्ख्या ग्रुपवर टाकलं. दिगंबरने न वाचताच त्याला अंगठा दिला. बायकोचं निमंत्रण कोण वाचत बसतो?

मीटिंग क्लबहाउसात होती. दिगंबरने प्रोजेक्टर लावला, आणि त्या फ्रेंच गोष्टीची ताजी आवृत्ती पडद्यावर झळकली: पाव नाही, कंदील. समोरून, बाजूने, झूम करून. तो इन्स्पेक्टरच्या थाटात हात मागे बांधून बोलत होता. काकू मुलाशेजारी मांडीवर पर्स धरून बसल्या होत्या.

अध्यक्ष डोनोव्हनबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि फोन काढला. त्यांना जरा गोंधळ होतोय, म्हणाल्या. शुक्रवारी त्यांना एका लग्नाला बोलावलंय, एका झाडाच्या. निमंत्रणात लिहिलंय, दिवाळीचा शेवटचा दिवस, सर्वांनी यावं. खाली नावं नेत्रा आणि दिगंबर. तर सण संपलाय, की त्यांनी साडी उगाच मागवली?

कोणीतरी फसकन हसलं. आठवीचा वर्ग खामगावहून थेट शुगर लँडला आला. दिगंबरने बायकोकडे पाहिलं.

नेत्रा हळूच मराठीत म्हणाली, "बोल ना. पुढे काही आहे, की नाही?"

त्याने घसा साफ केला. मग शुद्ध इंग्रजीत मांडलं, की विषय सांस्कृतिकदृष्ट्या गुंतागुंतीचा आहे, दिवाळी नक्की कधी संपते याचा अभ्यास करायला एक उपसमिती नेमावी, तिचं अध्यक्षपद आपण स्वीकारू, आणि अहवाल येईपर्यंत कंदील आहे तिथेच राहावा.

त्या फ्रेंच माणसाला निदान लाज तरी होती. त्याने नदीत उडी घेतली. आपल्या गड्याने उपसमितीत घेतली, आणि वर अध्यक्ष होऊन कोरडाठाक बाहेर आला.

नैना आली तेव्हा कंदील दारात लागलेला होता, तसाच कललेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिगंबरच्या अंगणात तुळशीचं लग्न लागलं. डोनोव्हनबाई साडी सावरत अक्षता टाकत होत्या. अंतरपाटाचं एक टोक नैनाने धरलं होतं, दुसरं दिगंबरने. मंगलाष्टकं रंगात आली होती, तेवढ्यात तो तिच्याकडे झुकला आणि हलक्या आवाजात म्हणाला,

"तुमच्या कंदिलाची वायर आउटडोअरची नाहीये, बरं का."