लाथेने विझवलेली भट्टी

मुलांनो, परवा मार्कंड्याच्या जत्रेत कुणीतरी भांड्यांना कल्हई करत होते. नवसागराच्या धुराचा तो झोंबणारा वास नाकात शिरला आणि नागभीडची एक सकाळ आठवली. धानाची कापणी आटोपली की आमच्या गल्लीत कडुनिंबाखाली कल्हईवाले चाचा भट्टी लावत आणि घरोघरची पितळी भांडी त्यांच्यापुढे येऊन पडत. त्या वर्षी निवडणूक होती. आदल्या संध्याकाळी चौकातल्या सभेत एक पुढारी ओरडला होता, "हे लोक आपल्या भांड्यांत विष कालवतात. लाथ मारून यांच्या भट्ट्या विझवा!" लोक हसले होते, टाळ्याही पडल्या होत्या. सकाळी गल्लीतलाच एक तरुण दोन मित्रांना घेऊन आला. चाचा म्हणाले, "ये बेटा, तुझ्या मायचाच बगोना हातात हाये." त्याने भट्टीला लाथ घातली. निखारे आणि तापलेला बगोना चाचांच्या उजव्या हातावर पडला. मी त्या पोरावर ओरडत पाणी घेऊन धावले, तोवर त्या तरुणाची आई आली. तिने आधी पदराने भांडे उचलून पाहिले. "पोचा तं नाई पडला ना याले?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काऊन एवढ्या चिडता बाई? सभेत सांगतलं, म्हणून केलं पोरानं." चाचांची बोटे पुन्हा कधी वळली नाहीत, कल्हई सुटली ती सुटलीच. पुढारी नंतर म्हणाला, भाषणात असे बोलावेच लागते. हल्ली त्याच्या सभेत पहिले भाषण तो तरुण करतो. लोक अजून हसतात.