पडद्यावर राहून गेलेलं

एखादा पिक्चर एकदा बघितला तर तो पिक्चर असतो. दिवसाला चार खेळ, असा सहा आठवडे बघितला की तो घरातल्या भिंतीसारखा होतो आणि मग त्यावरचे डाग दिसायला लागतात. धुळ्याच्या आमच्या टॉकीजमध्ये असे डाग आम्ही तिघांनी वर्षानुवर्षं गोळा केले. ऑपरेटर सुपडूभाऊ, डोअरकीपर रामदास आणि बुकिंग क्लार्क मी. आता टॉकीजच्या जागी मंगल कार्यालय आहे आणि तिघांतला मी एकटा उरलोय. चूक काढायला कुणी नाही, तेव्हा ऐका!

सुरुवात राक्षसापासून. ऐंशीच्या सुमाराला एक तलवारबाजीचा, जादूटोण्याचा पिक्चर लागला होता. गोष्ट हजार वर्षांपूर्वीची. त्यातला राक्षसांचा राजा हात वर करून गडगडाटी हसायचा, आणि दंडावर देवीच्या लशीचे दोन गोल व्रण स्पष्ट दिसायचे! सुपडूभाऊंनी पहिल्याच दिवशी हेरलं आणि आम्हाला मुद्दाम बघायला लावलं. मी पोट धरून हसलो.

रामदासच्या तोंडावर लहानपणच्या देवीचे खड्डे होते. डावा डोळा त्यातच गेलेला. तो पडद्याकडे बघत म्हणाला, "घ्या! राक्षसालाही टोचली. मीच राहिलो!"

तोही हसला. मला मात्र त्या सीनला परत कधी हसू आलं नाही.

मग खजिन्याचा पिक्चर. हिरो गुहेत नकाशा उलगडतो, पडदाभर क्लोजअप, त्यावर कसलीतरी गूढ प्राचीन लिपी. पब्लिक एकदम गप्प. तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला, "अरे, ही तर मोडी!"

कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून रिटायर झालेले एक नाना होते ते. उभे राहिले आणि खणखणीत वाचलं, "तूरडाळ दोन शेर. गूळ एक ढेप. तूप आणू नये, वैद्यांनी बंद केले आहे!"

लोक खुर्च्या बडवून हसले. सेटवरच्या कुणा पेंटरनं गंमत केली होती, आणि ती पकडली आमच्या नानांनी! त्यानंतर आठवडाभरात नाना आणखी चार वेळा आले. शेवटी मी म्हटलं, "नाना, यादी पाठ झाली असेल आता!"

तिकीट खिशात ठेवत ते म्हणाले, "रिटायर झाल्यापासून कुणी कागदच पुढे केला नाही रे."

रविवारी सकाळी इंग्रजी पिक्चर लागायचे. जंगल, गुहा, मारामारी. एकदा केबिनच्या खिडकीतून सुपडूभाऊ ओरडले, "ह्याले मी वळखस!"

पडद्यावर सांगाडा. समोरचे दोन दात नसलेला. एकाच कंपनीच्या तीन पिक्चरमध्ये तोच! पहिल्यात झाडाला लटकलेला, दुसऱ्यात टोपी घालून बोटीत, तिसऱ्यात थेट सिंहासनावर. बघणाऱ्यानं ओळखावं म्हणून मुद्दामच करत असणार.

"मेल्यावर का होईना, प्रमोशन भेटनं त्याले," सुपडूभाऊ म्हणाले. ते स्वतः चौदा वर्षं टेंपररी होते.

त्यांचे डोळे पुढे मशीनच्या उजेडानं गेले. अगदी शेवटी शेवटी म्हणाले, "लढाईत हत्तीच्या अंगावर कोणीतरी खडूनं नाव लिहिलंय. दखा बरं!" रामदास आणि मी तीन खेळ बघितले. हत्ती स्वच्छ. वर जाऊन मी म्हटलं, "दिसलं भाऊ!"

"काय नाव शे?"

रामदास म्हणाला, "सुपडू!"

केवढे खूश झाले ते!

आता एकच सांगतो. हे त्यांचे डोळे जायच्या बरंच आधीचं. एका ऐतिहासिक पिक्चरचं शूटिंग धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्यापाशी झालं होतं. वर्षभरानं तो आमच्याकडे लागला. महाराज घोड्यावर बसून भाषण करतायत आणि त्यांच्या खांद्यामागून, खाली रस्त्यावर, लाल एसटी चाललीय! सात आकडे मोजेपर्यंत दिसायची. पब्लिक शिट्ट्या मारायचं, "मालेगाव, मालेगाव!" म्हणून ओरडायचं.

त्या पिक्चरला एक बाई रोज तीनच्या खेळाला यायच्या. एकट्या, कडेच्या खुर्चीवर. बस गेली की उठायच्या. चौथ्या दिवशी रामदासनं दारात म्हटलं, "अक्का, अजून अर्धा पिक्चर बाकी आहे."

"मना पिक्चर सरी गया, भाऊ," त्या म्हणाल्या.

मग त्यांच्याकडूनच रामदासला कळलं. बस चालवणारा त्यांचा नवरा. शूटिंगवाले 'गाडी थांबव' म्हणून हात हलवत होते, पण टाइम झाला होता म्हणून त्यानं थांबवली नाही. घरी येऊन हसत हसत सांगितलं होतं. पिक्चर लागायच्या चार महिने आधी तो स्टँडवर, गाडीतच छातीत कळ येऊन गेला. घरात त्याचा एक फोटो नव्हता. पडद्यावर तोही दिसत नव्हता, नुसती गाडी.

दुसऱ्या आठवड्यात मॅनेजरनं केबिनमध्ये येऊन हुकूम सोडला, "लोक महाराजांना हसतात. ती बस काप!" सुपडूभाऊ नाही म्हणाले. मॅनेजर म्हणाला, "मग उद्यापासून येऊ नको." घरात पाच खाणारी तोंडं. सुपडूभाऊंनी बस कापली.

बाईंना आधी सांगायचं कुणी, यावर आम्ही तिघं बुकिंगच्या खोलीत भांडलो. सांगितलं कुणीच नाही.

तीनच्या खेळाला त्या आल्या. मी खिडकीतून तिकीट दिलं, वर मान केली नाही. महाराजांचं भाषण झालं. कुणी हसलं नाही, शिट्टी नाही. बाई उठल्या नाहीत. इंटरव्हल झाला, लढाई झाली, राज्याभिषेक झाला. दिवे लागले, लोक गेले, झाडूवाली आत आली. बाई कडेच्या खुर्चीवर, पदर मुठीत धरून, पांढऱ्या पडद्याकडे बघत बसलेल्या.

रामदास जवळ गेला. "अक्का, संपला पिक्चर."

त्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"आज गाडी लेट शे का, भाऊ?"