नसीमआपा आणि तीन दिवसांची बोलणी

समोरच्याचं बोलणं संपलं तरी नसीमआपा लगेच उत्तर देत नसत. दोन क्षण थांबत. नजर खाली, ओठ मिटलेले. नव्या माणसाला वाटे, यांना कमी ऐकू येतं. मलाही तसंच वाटलं होतं. चिकलठाण्याच्या आमच्या इमारतीत त्या माझ्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या, त्या दिवशी जिन्यात मी म्हटलं, "काही लागलं तर सांगा." त्या गप्प. मी तेच वाक्य पुन्हा मोठ्यानं म्हटलं. तेव्हा त्या हसल्या. "ऐकलं मी. तुमचं बोलून झालं का, ते बघत होते."

ही सवय त्यांना नोकरीनं लावली होती. फुलंब्रीच्या एका शाळामास्तरांची ही मुलगी रशियन शिकायला दिल्लीला गेली आणि तिथंच सरकारी दुभाषी झाली. दोन मित्रदेशांचे मंत्री, अधिकारी, लष्करातली माणसं सल्लामसलतीला बसत. विषय सीमेचे, हत्यारांचे, कुठंतरी पेटलेल्या लढाईचे. त्या टेबलाशी, जरा मागं सरकवलेली एक खुर्ची असे. तीसेक वर्षं आपा त्या खुर्चीत बसल्या. देश कोणते, कोण चिडलं, काय ठरलं, यातलं अक्षरही त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी खोदून विचारलं की म्हणत, "ऐकलं होतं गं, पण ते माझ्यासाठी नव्हतं."

एकदाच, भेंडी चिरता चिरता, एवढं बोलल्या होत्या, "दुश्मनांची बोलणी सोपी असतात, सुमन. दोघंही जपून बोलतात. दोस्तांची अवघड. दोस्त रुसतात."

इमारतीत त्यांचा कुणाला त्रास नव्हता आणि कुणाशी घसटही नव्हती. टँकरच्या पाण्यावरून सोसायटीच्या बैठकीत दोन बिऱ्हाडं हमरीतुमरीवर आली, तेव्हा आपा उठून उभ्या राहिल्या. पहिल्याचं म्हणणं त्यांनी शांतपणे सांगितलं, मग दुसऱ्याचं. शिव्या तेवढ्या वगळल्या. दोघांचं म्हणणं जवळजवळ एकच निघालं. लोक हसले, भांडण मिटलं. कुणीतरी म्हणालं, "आपा, तुमचं मत सांगा ना." त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "माझं मत कधी कुणी विचारलं नाही, त्यामुळं पटकन सापडत नाही." लोक पुन्हा हसले. त्या हसल्या नव्हत्या.

संध्याकाळी वरून मला एका बाईचं परक्या भाषेतलं बोलणं ऐकू यायचं. सुरुवातीला वाटलं, पाहुणे आलेत. एकदा कढीचं भांडं घेऊन वर गेले, तर आपा एकट्याच. जुनं रशियन पुस्तक मोठ्यानं वाचत बसल्या होत्या. म्हणाल्या, "नाहीतर जीभ विसरून जाईल." खोलीत दोन खुर्च्या होत्या. दुसरीवर मी बसले, तेव्हा तिच्यावरची धूळ माझ्या साडीला लागली.

फुलंब्री इथून तासाभराची वाट. तिथं त्यांची भावजय रेहानाभाभी राहायची. दर ईदला आपा मिठाईचा डबा घेऊन जायच्या आणि दुपारपर्यंत तोच डबा घेऊन परत यायच्या. तिसऱ्या वर्षी मी विचारलं, तेव्हा त्यांनी हकिकत सांगितली. निवृत्तीच्या आदल्या वर्षी अशीच बोलणी तीन दिवस चालली होती. दिल्लीबाहेरची बंद जागा, फोन दारातच काढून घेतलेले. पहिल्याच रात्री इकडं रफिकला, त्यांच्या एकुलत्या एक भावाला, जालना रोडवर एका गाडीनं उडवलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. चौथ्या दिवशी सकाळी फोन हातात आला, तेव्हा त्यात घरचे कितीतरी फोन येऊन गेलेले होते. आपा पोचल्या तेव्हा दफन होऊन गेलं होतं. भाभीनं दारातच विचारलं, "कुठं होत्या?"

"मग? सांगितलं नाही?"

"सांगण्यासारखं नव्हतं."

"निदान कामात होते, एवढं तरी?"

आपांनी डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि विषय संपवला. मला त्यांचा राग आला होता. एवढी कसली गुप्तता, असं वाटलं.

यंदाच्या जानेवारीत राघवन नावाचे एक वयस्कर गृहस्थ वेरूळ बघायला आले होते, ते आपांकडे आले. त्या तीन दिवसांत ते आपल्या बाजूचे प्रमुख होते. एकटीच्या घरी परका पुरुष येणार म्हणून आपांनी मला चहाला बोलावून घेतलं होतं. थोडा वेळ हिंदीतून हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"नसीमजी, एक गोष्ट सांगायला आलोय. तुमच्या घरचा निरोप मला दुसऱ्या दिवशी दुपारीच मिळाला होता."

मी उठायला लागले. आपांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

राघवन सांगत राहिले. बोलणी एका शब्दावर अडली होती. पाहुण्यांनी वापरलेल्या शब्दाचा अर्थ, त्यांची भाषा थोडीफार येणाऱ्या आपल्या एका तरुण अधिकाऱ्यानं 'ताबा' असा लिहून घेतला होता. त्यावरून आपले लोक भडकले, आणि आपल्यावर अविश्वास दाखवला म्हणून पाहुणे उठून जायला निघाले. त्यांच्या भाषेत तो शब्द फक्त देखरेखीचा आहे, हे आपांनी दोन्ही बाजूंना समजावलं. त्यानंतर पाहुणे दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायला तयार नव्हते. "तुम्हाला सोडलं असतं तर सगळं मोडलं असतं. मी निरोप खिशात ठेवला. माझी चूक झाली."

आपा थांबल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

राघवनांनी मान वर केली.

"निरोपात काय होतं ते माहीत नव्हतं. पण दुपारनंतर तुम्ही माझ्याकडं बघायचं सोडलं. माणसांचे चेहरे वाचायचीच नोकरी होती माझी. घरचं काहीतरी आहे, हे कळलं. विचारलं असतं तर तुम्ही खोटं बोलला नसता. मी विचारलं नाही."

"का?"

"काम पुरं करायचं होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळे माझं ऐकत होते."

राघवन गेल्यावर आपा खिडकीशी उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "रविवारी फुलंब्रीला सोडशील?"

भाभीनं मला बघून दार उघडलं. मी सोबत होते म्हणून दोघी मराठीतच बोलल्या. आपांनी पाणीही न घेता सांगून टाकलं. देश नाही, शब्द नाही. फक्त एवढंच, "घरी काहीतरी झालंय हे मला कळलं होतं आणि मी विचारलं नाही."

भाभी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही आल्या असत्या तरी त्यांना समजलं नसतं. गाडीनं उडवलं तवापासून डोळा उघडला नाय त्यांनी. तुमचं नाव घेत होते, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. राग कोणावर तरी काढायचा होता मला."

"इतकी वर्षं?"

"तुम्हीबी बोलल्या नाय ना. बोलल्या असत्या तर मीबी बोलले असते."

तिनं चहा केला. आम्ही प्यायलो.

त्या ईदला डबा परत आला नाही. भाभीनं राहायचा आग्रह केला होता, पण आपा संध्याकाळीच घरी आल्या. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "रात्री सगळे गप्पा मारत बसतात गं. मला आपलं काय बोलायचं ते सुचत नाही. सवयच राहिली नाही."

दिवाळीच्या सुट्टीत मी चार दिवस पाचोडला बहिणीकडं गेले होते. परत आले त्या संध्याकाळी वरून वाचण्याचा आवाज आला नाही. सकाळी वर गेले. आपा झोपेतच गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, एक दिवस होऊन गेला असेल.

दिल्लीहून कुणी आलं नाही. राघवनांचा फोन आला. दफन झाल्यावर रेहानाभाभी आपांच्या घरी आली. सामान फार नव्हतंच. कपाट आवरता आवरता ती थांबली.

"सुमनताई, या नक्की काय काम करायच्या, तुम्हाला तरी ठाव होतं का?"

"दोघांचं बोलणं एकमेकांना सांगायच्या."

"ते व्हय. पण काय बोलायचे लोक?"

"ते मला कधी सांगितलं नाही."

"मलाबी नाय," भाभी म्हणाली आणि खाली फरशीवरच बसली. मीही तिच्याशेजारी बसले. आपांबद्दल एकमेकींना सांगावं असं दोघींकडंही फारसं काही नव्हतं.