हुलग्याच्या चार ओळी

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा आम्हा औशाकडच्या पोरांना भलताच हुरूप आला. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या कचेऱ्या म्हणजे नोकऱ्या. मलाही एक मिळाली. शेतीची पदविका पदरात होती, तिच्या जोरावर मी रोपवनाची देखरेख करणारा झालो. खाकी शर्ट, सायकल आणि बगलेत हजेरीपट. रोपवन कुठलं, तर आमच्याच गावच्या गायरानावरचं. त्यातही निलगिरी लावली ती नेमकी त्या तुकड्यावर, जो माझ्या वडिलांनी वीस वर्षं कसला होता.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. जमीन सरकारची आहे हे त्यांना कबूल होतं, पण त्या मुरमातले दगड वेचून त्याचं रान त्यांनी केलं होतं. मोजणीची माणसं आली तेव्हा ते भांडले नाहीत. पोरगाच देखरेखीला आहे म्हटल्यावर म्हणाले, "चला, घरातच ऱ्हायलं." आणि रोजगार हमीच्या हजेरीवर, आपल्याच रानात, निलगिरीचे खड्डे खणायला आले. मला एवढंच विचारलं, "येळवस तेवढी करू देशील न्हवं तिथं?"

आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. त्या दिवशी घरांना कुलपं लागतात आणि गाव रानात जेवायला जातं. कडब्याची कोप उभी करायची, भज्जी, उंडे, माठातलं आंबील, आणि पोटात जागा नसताना आणखी एक वाढ. आम्ही छप्पन्न साली दीक्षा घेऊन देव सोडले होते, येळवस सोडली नव्हती. ज्याला रान नाही त्याला कुणीतरी आपल्या रानात बोलावतंच. पण दादांना पाहुणा म्हणून जायचं नव्हतं. मी म्हटलं, करा की. मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

निलगिरी काही वाढेना. वर्ष होत आलं तरी रोपं गुडघ्याच्या वर जाईनात, पानं पिवळी. जमिनीत नत्र नाही, हे मला पुस्तकावरून कळत होतं. दादा म्हणाले, "भुकेलं रान हाय. हुलगा टाक मधी. हुलग्याच्या रानात फुडल्या साली जवारी कशी येती, बघितलं न्हाईस का?" रानाच्या कडेला एक वड होता, त्याच्या बाजूच्या चार ओळींत त्यांनी स्वतःजवळचं हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, बी टाकलं. फुलावर आला तसा सगळा हुलगा जागच्या जागी मातीत गाडला. त्याआधी मी एक वेल उपटून त्यांना मुळांवरच्या बारक्या गाठी दाखवल्या. हवेतला नत्र धरून ठेवतात त्या ह्याच, असं मास्तरकीच्या थाटात सांगितलं. त्यांनी एक गाठ नखानं फोडली. आतून गुलाबी निघाली.

"रगत हाय की रं ह्याच्यात," ते म्हणाले आणि किती तरी वेळ बोटाकडे बघत राहिले. बाप आणि मी मिळून एक काम केलं, असं आयुष्यात मला तेवढंच आठवतं.

पुढच्या वर्षी पावसानं दगा दिला. विहिरी आटल्या, गुरं विकायला निघाली. रोपवनातली निम्मी झाडं काटक्या झाली. चार ओळी मात्र हिरव्या होत्या, आणि छातीला लागत होत्या. भादव्यातल्या एका सरीवर दादांनी पुन्हा त्याच ओळींत हुलगा टाकला. तोही उगवला. "येळवस झाली की गाडू," ते म्हणाले. दुष्काळातही ते आईला भज्जीसाठी वाटाणा-हरभऱ्याची तजवीज करायला सांगत होते.

येळवशीला दोन दिवस उरले असताना निरोप आला, जिल्ह्याचे मोठे साहेब रोपवन बघायला येणार. माझ्या वरचे साहेब त्याच दिवशी आले, हुलगा बघून जागीच थांबले. "सरकारी जागेत पीक? हे अतिक्रमण झालं. आणि हे रान आधी कोण कसत होतं?" मी नाव सांगितलं नाही. त्यांना ठाऊक असावं. "उद्या सकाळी इथं झाडाशिवाय काही दिसता कामा नये," म्हणाले आणि गेले.

हुलगा गाठींसाठी लावलाय, त्यानं झाडं वाढलीत, हे सांगायला मला दोन वाक्यं पुरली असती. पण माझी नोकरी कायम व्हायची होती.

हजेरीवरच्या माणसांना मी ओळींत उभं केलं. त्यात दादाही होते. ते पुढं आले, हळूच म्हणाले, "वरनं इळ्यानं कापू. मुळं ऱ्हाऊ दे खाली. झाडाला तेवढंच."

किती साधी गोष्ट होती. आणि बरोबर होती. पण धसकटं दिसतील, विचारतील, ह्या धास्तीनं मी सगळ्यांच्या देखत ओरडलो, "सांगितलं तेवढं करा. मुळासकट उपटा!"

त्यांनी उपटला. सगळ्यांच्या आधी वाकले आणि चारही ओळी संपेपर्यंत वर बघितलं नाही. ढीग मी पेटवून दिला, पाचोळासुद्धा झाडून त्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. जीपमधून उतरून थेट त्या चार ओळींपाशी गेले. माणूस जाणता होता. पानं हातात घेऊन म्हणाले, "एवढ्या दुष्काळात ह्या चारच ओळी अशा कशा? काय केलंत?"

दादा दहा पावलांवर फावडं घेऊन उभे होते.

"खत दिलं, साहेब," मी म्हणालो.

"वा," ते म्हणाले, आणि जीप गेली.

येळवशीला आईनं सगळं रांधलं. टोपली भरली, आंबिलाचा माठ बांधला आणि दादांची वाट बघत दारात उभी राहिली. ते ओट्यावरून उठले नाहीत. शेवटी सगळं पुन्हा उतरवून आम्ही घरातच जेवलो. येळवशीला घरात जेवायची आमच्यात ती पहिली वेळ. मी पुन्हा पुन्हा आंबील ओतून घेत होतो.

त्याच उन्हाळ्यात माझी नोकरी कायम झाली. आणि पाऊस पडला तेव्हा मी शहाणा झालो. बी आणलं, दादांपुढं ठेवलं आणि म्हटलं, "दादा, चार ओळींत हुलगा टाकू या. आता मला कुणी काही बोलणार नाही."

त्यांनी बी हातात घेतलं. उठून उभे राहिले, कचेरीत उभं राहावं तसे.

"कुटं टाकायचं ते दाखवा, साहेब," ते म्हणाले. "मी हजेरीवरचा माणूस हाय. सांगाल तितं टाकतो."

रागानं म्हणाले असते तर मी पाय धरले असते. आवाजात राग नव्हता. त्यानंतर आठ वर्षं ते माझ्या घरात राहिले, माझ्या हातचं खाल्लं, माझ्या पोरांना खांद्यावर फिरवलं. पण मला पुन्हा कधी "रं" म्हणून हाक मारली नाही. शेवटच्या आजारात मी उशाशी बसलो होतो. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि म्हणाले, "साहेब, जरा पाणी द्या."